'करपा'चं चौथं गाणं

काशिफच्या गाण्यांना मी आजवर पन्नास वेळा तरी गोंगाट म्हटलं असेल, आणि तेही त्याच्या तोंडावर. आमच्या उद्यमनगरात माझं लेथचं दुकान आणि त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान, मध्ये एकच भिंत. आठवड्याचे सहा दिवस प्रेस, ग्राइंडर आणि लेथ ऐकून ज्याचे कान किटले आहेत, त्यानं सुट्टीच्या सोमवारी गिटार घेऊन पुन्हा तसलाच खडखडाट का करावा, हे मला अजून नीट उमगलेलं नाही. पण त्या खडखडाटासाठी हा माणूस जे करतो, ते बघून मान आपोआप झुकते.

काशिफ शेहेचाळीस वर्षांचा. जळालेली मोटर उघडायची, काळं पडलेलं तांबं काढायचं आणि नव्या तारेचे वेढे मोजून भरायचे, हा त्याचा धंदा, वडील मीरासाब यांच्यापासून चालत आलेला. कॉलेजात असताना त्यानं जुन्या बाजारातून मोडकी इलेक्ट्रिक गिटार आणली. गिटारीच्या तारांखाली एक चुंबक असतं आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते, तिथून आवाज वायरीत जातो म्हणे. ते नेमकं जळालेलं होतं. यानं भंगारातल्या रिलेची तार सोडवली आणि हातानं सहा हजार वेढे घातले. तार तुटली की परत एकपासून. पोरगं वाया गेलं, असं मीच मीरासाबना सांगितलं होतं.

त्याच्याबरोबर गाणारा उदयसिंह. गाणारा म्हणजे काय, छातीतून असा हंबरायचा की दावणीची जनावरं दावं तोडतील. ढोल बडवणारा तिसरा पुढं दुबईला गेला तो गेलाच. या तिघांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं 'करपा'. पिकावरच्या रोगाचं नाव कुणी स्वतःला घेतं का? पण त्या वयात अक्कल विकत मिळत नाही.

सव्वीस वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका स्टुडिओत त्यांचं रेकॉर्डिंग ठरलं. उदयसिंह आदल्या दिवशीच पुढं गेला. सकाळी काशिफ गिटार पाठीला लावून निघाला, आणि दारात एका गावाच्या पाणीपुरवठ्याची जळालेली मोटर येऊन पडली. मीरासाब तापानं फणफणलेले. गावाला दोन दिवस पाणी नव्हतं. काशिफनं गिटार खाली ठेवली आणि हातोडी उचलली. पुण्यात उदयसिंह दिवसभर स्टुडिओच्या पायऱ्यांवर बसून राहिला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आला. काशिफला तो एका शब्दानंही बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं, असं काशिफ आजही म्हणतो. 'करपा' तिथंच संपला. उदयसिंह जयसिंगपुरात गणिताचा मास्तर झाला, काशिफनं दुकान सांभाळलं आणि गिटार माळ्यावर गेली.

ती खाली आणली त्याच्या लेकीनं, अर्शीनं. ती कॉम्प्युटर शिकते. गेल्या वर्षी तिनं माळा झाडताना गिटार काढली आणि विचारलं, "अब्बा, ये बजती क्या?" वाजत नव्हती. काशिफ त्या रात्री जेवलाही नाही म्हणे. दुसऱ्या दिवसापासून पुन्हा वेढे मोजायला बसला. आता चष्मा लागलेला, बोटं जाड झालेली. तार अकरा वेळा तुटली. बाराव्या वेळी गिटार बोलली.

मग दर सोमवारी रेकॉर्डिंग सुरू झालं. सोमवारीच, कारण त्या दिवशी उद्यमनगर बंद. इतर दिवशी आजूबाजूच्या मोटरींची घरघर त्या वायरीत शिरते. दुकानात चारी बाजूंना वाकळा टांगल्या, ढोल अर्शीनं कॉम्प्युटरवर बसवले आणि काशिफ जयसिंगपूरला गेला. शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून त्यानं उदयसिंहाला कॉलेजातल्या जुन्या नावानं हाक मारून विचारलं, "उद्या, गाशील का?"

उदयसिंह म्हणाला, "सोमवारी शाळा असती. रजा काढाय लागंल."

एवढंच. सव्वीस वर्षांचा हिशेब त्यानं रजेच्या अर्जात मिटवला. तीन सोमवार, तीन गाणी झाली. चौथं राहिलं होतं. ते उदयसिंहानं पुण्याहून परत येताना एसटीत लिहिलेलं होतं आणि इतकी वर्षं कुणालाच दाखवलं नव्हतं. त्याची शेवटची ओळ होती, 'विचार त्या भट्टीला, आग कुठं गेली?' ही ओळ कुणाला उद्देशून आहे, हे काशिफला वाचताक्षणी कळलं. ते गाणं झाल्याशिवाय आपली सुटका नाही, असं तो मला चहा पिताना म्हणाला.

आणि तेवढ्यात उदयसिंहाच्या घशात गाठ निघाली. वर्गात ओरडून ओरडून झालेली. ऑपरेशन बुधवारी. डॉक्टरांनी सांगितलं, बोलण्यापुरता आवाज बहुतेक राहील, पण ते हंबरणं आता विसरा. म्हणजे हाती एकच सोमवार उरला.

त्या सोमवारी सकाळी सातला दुकानापुढं टेम्पो थांबला. त्यातून उतरली नेसरीची धोंडुबाई आणि मागोमाग तिची जळालेली मोटर. तिच्या जवळच्या गडहिंग्लजात वाइंडिंगवाले नाहीत का? ढीगभर आहेत. पण तिच्या नवऱ्यानं हयातभर मोटर मीरासाबकडंच आणली, म्हणून हीही तिकडंच येणार. टोमॅटोची रोपं लावून चारच दिवस झालेले, वर उन्हाळा.

काशिफ मोटरीकडं बघत उभा राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना. मी म्हटलं, "आक्का, उद्या या. आज दुकान बंद हाय."

"पावणं, रोपास्नी सांगा उद्या या म्हणून," ती म्हणाली.

काशिफ हसला, हातोडी उचलली आणि मला म्हणाला, "हंबीरराव, आपला उद्या आज बाराला येणार. तवर ठोकाठोकी संपवतो. तार भरायला आवाज होत न्हाय."

बाराला उदयसिंह आला, तेव्हा जुनं तांबं निघालं होतं. एका कोपऱ्यात माईक, दुसऱ्या कोपऱ्यात काशिफ मांडीवर मोटर घेऊन गप तार भरतोय, आणि मध्ये गिटार नि ढोल आधीच भरून ठेवलेल्या कॉम्प्युटरपुढं अर्शी. प्रश्न धोंडुबाईचा होता. मी तिला माझ्या दुकानात चहाला बोलावलं, तर ती हलेना. तिच्या शेजाऱ्याला एकदा कुणीतरी तांबं काढून ॲल्युमिनियम भरून दिलं होतं. तेव्हापासून काम होईस्तोवर ती मोटर नजरेआड करत नाही.

"काशिफवर इस्वास न्हाय व्हय?" मी विचारलं.

"इस्वास हाय की. पर डोळं बी दिल्यात न्हवं देवानं?"

मग मी तिला बजावलं, की काहीही ऐकू आलं तरी तोंडातून आवाज काढायचा नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि उलट्या खोक्यावर बसली. मी दाराला पाठ लावून उभा राहिलो.

उदयसिंहानं सुरुवात केली. खरं सांगतो, मला त्या गाण्यातला सूर कळत नाही, पण अंगावर काटा आला. साडेपाच फुटांचा, टक्कल पडलेला गणिताचा मास्तर, आणि आतून सव्वीस वर्षं बाहेर येत होती. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या. काशिफचा हात तारेवर थांबला होता. शेवटची ओळ आली. उदयसिंहानं डोळे मिटले आणि होता नव्हता तेवढा आवाज लावला, "विचार त्या भट्टीला, आग कुठं गेली?"

"हाय की रं! जाती कुठं?" त्याचा सूर संपायच्या आतच धोंडुबाईनं खोक्यावरून ठणकावून सांगितलं.

चूक माझीच. गप्प बसा म्हणून सांगितलं होतं. कुणी विचारलं तरी उत्तर देऊ नका, हे सांगायचं राहिलं. आणि आमच्याकडं कुणी पोटतिडकीनं काही विचारलं, तर उत्तर न देता बसणं माणसाला जमत नाही.

उदयसिंहानं पुन्हा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा नुसती हवा आली. तो माईकपासून बाजूला झाला. धोंडुबाई भेदरून एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघत होती. काशिफ उठला. डोळे भरले होते. "उद्या, परत मोटरनंच घात केला रं," एवढंच तो म्हणाला.

उदयसिंहानं अर्शीला खूण केली आणि हेडफोन कानाला लावला. शेवट ऐकला. परत ऐकला. मग तो हसायला लागला, आवाजच नव्हता, नुसते खांदे हलत होते. घोगऱ्या घशानं तो म्हणाला, "सव्वीस वर्सं इचारतोय मी. आज पयल्यांदा कुणीतरी उत्तर दिलं. ठेव ते."

ते तसंच ठेवलं. अर्शीनं चारी गाणी इंटरनेटवर टाकली. चौथ्याखाली लिहिलं आहे, गायन उदयसिंह आणि धोंडुबाई, नेसरी. कुठल्या तरी परमुलखातल्या माणसानं विचारलंय, ती शेवटची बाई कोण, आणि तिची आणखी गाणी आहेत का. तिची मोटर मंगळवारी दुपारी गेली. रोपं जगली. धोंडुबाईनं काशिफला पाटीभर टोमॅटो पाठवले, त्यातले निम्मे मी खाल्ले.

काशिफचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की त्यानं दोन्ही वेळेला मोटर आधी घेतली आणि दोन्ही वेळेला त्याचं काळीज गाण्यात होतं. आम्ही बाकीचे एक काहीतरी सोडून देतो आणि म्हणतो, वय झालं.

उदयसिंहाला ऑपरेशननंतर पंधरा दिवस बोलायचं नव्हतं. काशिफनं त्याला फोन केला नाही, धीरच झाला नाही. तिसऱ्या सोमवारी मी काशिफकडं बसलो होतो, तर दारात उदयसिंह उभा. काशिफनं हातातला वेढा अर्धवट सोडला. त्याच्याकडं न बघताच, तारेकडं बघत त्यानं विचारलं, "उद्या, आवाज हाय का गेला?"

उदयसिंह खोक्यावर बसला. गळ्याला हात लावून जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात तो म्हणाला, "हाय की."