नागोबाखालचा खड्डा

ते प्रकरण मला अजून लख्ख आठवतं. मी कानडी मुलखात, के. आर. पुरमकडच्या एका पोलीस ठाण्यात होमगार्ड होते. बायकांना आणलं की त्यांच्याजवळ बसायचं, बंदोबस्ताला उभं राहायचं, एवढंच माझं काम. तपासात तोंड उघडायची हिंमत नव्हती.

उन्हाळा संपता संपता एका अपार्टमेंटवर वीज पडली. लिफ्ट जळली, घराघरांतले टीव्ही गेले. इलेक्ट्रिशियनने मागच्या भिंतीवरचा पाइप फोडला. गच्चीवरच्या वीज झेलणाऱ्या सळईपासून जमिनीतल्या खड्ड्यात जाणारी तांब्याची पट्टी त्यात हवी होती. पाइप रिकामा! सेक्रेटरींनी चोरीची तक्रार दिली. तेवढ्यात खबर आली, वॉचमनला भंगारवाल्याकडे पोतं नेताना कुणीतरी पाहिलंय.

वॉचमनला आणलं. "पोत्यात बाटल्या होत्या साहेब," एवढंच तो म्हणत राहिला. त्याची बायको माझ्याशेजारी बाकावर बसली होती.

"अक्का, उद्या कोर्टात नेणार त्यांना?"

मी माझी पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

पंचनाम्याला आम्ही अपार्टमेंटवर गेलो. पट्टी बसवणारा आणि दरवर्षी तपासणारा ठेकेदार एकच. त्यालाही बोलावलं होतं.

"शेवटचं कधी तपासलंत?" इन्स्पेक्टरसाहेबांनी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यात सर. पट्टी उतरते त्या मागच्या खड्ड्याचं झाकण काढून मीटर लावलं. पट्टी होती, सगळं सरी, एकदम ठीक होतं."

वॉचमन त्यानंतर कामाला लागलेला. म्हणजे त्याच्याच राज्यात चोरी झाली. साहेबांनी मान डोलावली.

मी खड्ड्यापाशी उभी होते. झाकणावर बायकांनी नागोबाचा दगड सिमेंटने पक्का बसवलेला, हळदीकुंकवाने माखलेला. सवयीने वाकले, नमस्कार केला आणि थबकले, सिमेंटला कुठे साधा तडाही नव्हता. दिवा लावणाऱ्या अज्जींना हळूच विचारलं, "नागोबा कधी बसवला?"

"मागच्याच्या मागच्या नागपंचमीला. तेव्हापासून कुणाची टाप आहे हात लावायची?"

मग मला राहवेना.

"अण्णा," मी ठेकेदाराला म्हटलं, "झाकण काढलंत तेव्हा नागोबाला कुठे ठेवलंत?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"स्वल्प... थोडासा बाजूला सरकवला."

"सरकवला?" अज्जी कडाडल्या. "आमच्या नागोबाला? आंघोळ तरी केली होतीस का रे?"

हवालदार तोंड फिरवून हसला. ठेकेदाराला मात्र दरदरून घाम फुटला.

साहेबांनी पुजारी बोलावला. पूजा झाली, दगड हलला, झाकण निघालं. आत नुसती कोरडी माती! पट्टी जोडायला जमिनीत पुरतात ती सळईसुद्धा नाही. ठाण्यात समोर बसवल्यावर ठेकेदाराने कबूल केलं, मागच्या बाजूला तांबं त्याने कधी घातलंच नव्हतं. तपासणीही इमारतीच्या पुढच्या बाजूला दुसरा खड्डा होता, तेवढ्याचीच करायचा.

आम्ही सगळे चोर शोधत होतो. गेलेली वस्तू मुळात तिथे होती का, हे कुणी पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून कुणी 'चोरी झाली' म्हटलं की माझ्या मनात तोच प्रश्न आधी येतो.

वॉचमन त्याच संध्याकाळी सुटला. आता खड्ड्यात खरं तांबं आहे, नागोबा दोन हात पलीकडे बसलाय. तिकडून गेले की दिसतं, वॉचमन आधी नागोबाला पाणी घालतो, मग खड्ड्यालाही. माती ओली राहिली तर वीज नीट जमिनीत उतरते, असं त्याला नव्या ठेकेदाराने सांगितलंय. त्याची बायको मात्र हळदीकुंकू दोघांनाही लावते.