ताटावरचा हात

ग्रीसच्या त्या लहानशा बेटावर आम्ही उतरलो होतो ते एका बाईच्या घरगुती हॉटेलात. पहिल्याच दुपारी तिने तळलेले वांग्याचे काप आणले. दोन खाऊन झाल्यावर आत्याने सवयीने ताटावर आडवा हात धरला. बाईने तो मनगटाला धरून अलगद बाजूला केला आणि आणखी दोन काप वाढले. आपल्याकडे पंगतीत 'नको' म्हणणाऱ्याच्या पानात हमखास आणखी एक जिलबी पडते. ही रीत समुद्रापलीकडच्या बाईला कुणी शिकवली, देव जाणे. आत्या खूश.

मला मात्र अशा अगत्याचा संशयच येतो. हॉटेलातलं हसू भाड्यात धरलेलं असतं.

निघताना बाई धक्क्यावर आली. आत्याचे दोन्ही हात धरून आपल्या भाषेत बरंच काही बोलली. आमची बोट सुटते न सुटते तोच दुसरी लागली, आणि तिच्यातून उतरणाऱ्या अनोळखी माणसांकडे ती तेच हसू घेऊन निघाली.

"बघ आत्या," मी म्हटलं, "सगळ्यांना तेच."

"मग?" काठावरची नजर न काढता आत्या म्हणाली, "वाढणाऱ्याने पंक्तिप्रपंच करायचा असतो होय रे?"