दारावरची उजेडाची पाटी

टोपवाली तशी भित्री नव्हती. पण त्या दुपारी दारात नगरपालिकेचा माणूस उभा राहिला आणि ती हातातलं काम टाकून धडपडत उठली.

आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी ती घरीच केसांचे टोप विणायची. एकेक केस बारीक आकडीने जाळीत ओवायचा, तोही डोळ्यांत तेल घालून. बायका एकमेकींकडून ऐकून यायच्या. धाकट्या दिराला मात्र ते पुरेसं वाटेना. "वहिनी, बोलणाऱ्याची मातीसुद्धा खपते!" म्हणत त्याने दारावरच्या भिंतीला दाराएवढीच पाटी लावली. त्यावर झुपकेदार केसांची बाई आणि भोवती लुकलुकणारे दिवे.

"घरातल्या धंद्याला एकच पाटी चालते," नगरपालिकेचा माणूस म्हणाला. "भिंतीला चिकटलेली, वहीच्या पानाएवढी. चित्र नको, दिवे नकोत. सोमवारी पुन्हा येईन. तोवर ही उतरली नाही, तर घरून काम करायची परवानगीच रद्द होईल."

"पण तक्रार केली कुणी?"

"ते सांगता येत नाही, बाई."

तिने मात्र मनाशी ठरवूनच टाकलं : समोरच्या काकू! परवाच त्या म्हणाल्या होत्या, "तुझ्या दिव्यांनी माझी झोप उडाली गं." मग काकू दिसल्या की ती तोंड फिरवू लागली. काकूंनी एकदा हाक मारली, तर हिने खिडकीच लावून घेतली.

दिराने पाटी उतरवली. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. काकूंनी पुन्हा तक्रार केली आणि परवानगी गेली, तर बाहेर दुकान घेणं परवडणार नव्हतं. आणि दुकानाच्या काचेसमोर कोणती बाई डोक्यावरचा रुमाल सोडेल? जाळीतला केस पुन्हा पुन्हा निसटत होता.

शनिवारी नेहमीची एक बाई टोप सैल करून घ्यायला आली. भिंतीवरची रिकामी जागा बघून ती दारातच थबकली.

"ताई, पाटी काढलीत?"

"काढावी लागली. कुणीतरी चुगली केली."

बाई खुर्चीवर बसली, पण रुमाल सोडेना. "मीच केली," ती हळूच म्हणाली. "मागच्या वेळी दार उघडेपर्यंत त्या दिव्यांखाली उभी होते. जाणारा-येणारा आधी पाटीकडे बघायचा, मग माझ्या डोक्याकडे. एकाने तर थांबून पाहिलं. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुमचं कामच बंद पडेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

टोपवालीला रागवायचं होतं. पण तिने हातातली आकडी खाली ठेवली. इतकी वर्षं ती या डोक्यांवर हात फिरवत आली होती, आणि दाराबाहेर त्यांचं काय होतं हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं.

"रुमाल सोडा," ती एवढंच म्हणाली, आणि दार आतून लावून आली.

सोमवारी नगरपालिकेच्या माणसाने टेपने नवी पाटी मोजली. तिच्यावर फक्त घराचा क्रमांक आणि 'केसांचे काम'. "ठीक आहे," म्हणून माणूस निघून गेला. दीर कुरकुरला, "वहिनी, ही तर भिंगातून वाचावी लागेल!"

तिचं लक्ष नव्हतं. समोर काकू पायरी झाडत होत्या. त्यांची माफी मागायला तिने चपला घातल्या आणि रस्ता ओलांडला. काकूंनी मान वर केली नाही, झाडू मात्र थांबला.