आईचं ताक

आईचं वजन उतरलंय म्हणून डॉक्टरांनी औषधाचा पुढचा डोस लांबवला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. छातीतली गाठ काढून झाली होती. आता डोस चुकवून चालणार नव्हतं. पुण्याहून भोंगवलीला आले ती थेट स्वयंपाकघरात गेले. ताक नाही, लिंबू नाही, चिंचेचं बोटूक नाही. फळीवर खायच्या सोड्याचा डबा मात्र होता.

वहिनी म्हणाली, "काकांनी सांगितलंय, आंबट बंद."

काका म्हणजे भोरला कचेरीत जन्म घालवलेले माझे चुलते. आमच्याकडं जखमेवर आंबट देत नाहीत, चिघळते म्हणतात. त्यात काकांच्या मोबाईलवर आलं की कॅन्सर आंबटात वाढतो. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला. रोज सकाळी आईला सोड्याचं पाणी, वर बिनचवीचा भात. ओकून ओकून बाई निम्मी झाली होती.

अर्ध्या खऱ्याचा मला जास्त संताप येतो. माझी नोकरीच पेशींच्या अभ्यासातली. पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात, त्यांतून क्षारांचे कण आत-बाहेर करतात. गाठीत रक्त धड पोचत नाही, पेशी साखर अर्धवट जाळतात, भोवती आम्ल साचतं. त्यानं काही दारं मिटतात, काही भलत्या वेळी उघडतात आणि पेशी जागा सोडून सरकायला लागते. एवढं खरं. पण ते आम्ल गाठच तयार करते. वाटीभर ताक तिथवर जात नाही.

काका आलेच होते, त्यांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग म्या काय येगळं म्हन्तोय? तुजंच शास्त्र हाय."

"काका, डॉक्टरांनी ताज्या ताकाला हो म्हटलंय. तुम्ही डॉक्टर कधी झालात?"

"उद्या काय झालं तर?"

"आत्ता काय झालंय ते बघा की!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर आवाज चढवला आणि मला त्याचं काही वाटलं नाही. शेजारून दही आणलं, घुसळलं, चिमूटभर मीठ टाकून ताकभात कालवला. आईनं सगळी वाटी संपवली. बोटं चाटली.

"एवढं आवडतं तर मागायचं नाहीस का गं?" मी तिच्यावरही खेकसले.

तिनं काकांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"कसं मागू? लेकीनंच बंद केलंय म्हनले भावजी. तू शिकल्याली. म्हनलं, आपल्या भल्याचंच आसंल."