ट्रॅक्टरची सीट

काच पुसायच्या औषधाला अमोनियाचा वास आला की चंदीगडजवळच्या मनीमाजऱ्याच्या छोट्या कारखान्यातली आमची ड्रॉइंगची खोली आठवते; नकाशांच्या प्रती तिथे अमोनियाच्या वाफेवर निघायच्या. तिथे वर्षानुवर्षं ट्रॅक्टरच्या त्याच सीटची ड्रॉइंग्ज काढून मी इतकी कंटाळले होते, की नोकरी सोडायचं पक्कं केलं होतं. तेवढ्यात चंदीगडला डिझायनरांची परिषद भरली. चहाच्या वेळी एका वयस्कर सरदारजींनी विचारलं, “क्या बनाती हो, बेटा?” मी ओशाळून म्हणाले, “बस, ट्रॅक्टर की सीट.” ते म्हणाले, “मेरा भाई सारा दिन उसी पे बैठता है. शाम को कमर सीधी नहीं होती. उसके लिए कुछ करो.” परतीच्या बसमध्ये धक्के खात मी तिकिटामागे नवी सीट काढू लागले, आणि माझा स्टॉप कधी गेला ते कळलंच नाही. आता निवृत्त झाले, तरी कुणाकडेही गेले की आधी खुर्चीची पाठ चाचपते, मगच बसते.