नर्सबाईंनी मागितलेला दिवस

नर्सबाई जखम बघायच्या आधी हुंगायच्या. खाटेपाशी आल्या की पट्टीवर वाकत, डोळे मिटत आणि मग बोलत. नव्या रोग्याला ओशाळल्यासारखं होई. त्या म्हणत, “डोळ्यांना उशिरा कळतं.”

दिघीच्या खाडीकाठच्या त्या दवाखान्यात वीस खाटा, आणि बाई एकट्या. तिसऱ्या फेरीला त्यांचे पाय सुजत, खाटांचे कठडे धरत त्या पुढे सरकत. जरा टेका म्हटलं तर म्हणत, “बसले तर उठवायला माणूस लागंल.” चिडक्याही होत्या. एका रोग्याच्या घरच्यांनी लपवून आणलेली सुकट त्यांनी माझ्यादेखत खिडकीबाहेर फेकली होती.

मी शाळामास्तर. खाडीतल्या कालवाच्या शिंपीच्या धारेनं पाऊल कापलं, मी दुर्लक्ष केलं आणि सूज पोटरीपर्यंत चढली. एकोणीसशे तीसच्या आसपासची गोष्ट. अशा जखमेवर तेव्हा खात्रीचं औषध नव्हतं. डॉक्टरांनी पाय कापायचं ठरवलं. मी पार हादरलो होतो. बाईंनी पट्टी हुंगली आणि डॉक्टरांना म्हणाल्या, “साहेब, एक दिवस थांबा. अजून सडका वास न्हाय.”

डॉक्टर नाइलाजानं थांबले. बाकीच्या खाटा सांभाळून बाई दर तासाला मिठाच्या गरम पाण्यानं शेकायला येत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली. पाय वाचला.

वर्षभरानं लुगडं आणि नारळ घेऊन त्यांना भेटायला गेलो. बाई फार वाळल्या होत्या. व्हरांड्यात उभ्या उभ्याच त्यांनी सांगितलं, की माझ्यानंतर आगरदांड्याचा एक तरुण तांडेल, होडीवरचा म्होरक्या, असाच पाय घेऊन आला होता. त्याच्यासाठीही त्यांनी एक दिवस मागितला. माझा पाय वाचलेला पाहून डॉक्टरांनी या वेळी लगेच दिला. त्या एका दिवसात विष अंगभर पसरलं आणि तांडेल गेला. त्याची बायको पोटुशी होती.

मी काहीबाही समजूत घालू लागलो. त्यांनी हातानं थांबवलं.

“राग मानू नका, मास्तर. तुमी चालत आलात की मला तो दिसतो. परत येऊ नका.”

लुगडं त्यांनी ठेवून घेतलं, बहुधा माझं मन मोडू नये म्हणून. मग पुढच्या फेरीला निघून गेल्या.

मला फार लागलं ते. पण मी पुन्हा गेलो नाही. ज्यांनी माझा पाय राखला, त्यांच्यासाठी मला एवढंच करता आलं.