शेवटची वीस मिनिटं

माझ्या मावशीच्या नवऱ्याला सगळी गल्ली पाठीमागे 'एवढंच' म्हणायची. त्याला कारण होतं.

काकांचं व्हिडिओ कॅसेटचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. कॅसेट एका दिवसासाठी मिळायची आणि रिवाइंड करून परत द्यावी लागायची. बाकीचे दुकानदार उशीर झाला की दंड घ्यायचे. काकांचा दंड वेगळा होता, ते शेवट सांगायचे. पुढची कॅसेट तुमच्या हातात द्यायची, रजिस्टरवर सही घ्यायची, आणि तुम्ही पायरी उतरायच्या आत मागून एका वाक्यात त्या सिनेमाचा शेवट सांगून टाकायचा. "धाकटा भाऊच खुनी आहे. एवढंच. जा, आता बघा." लोक कानांवर हात ठेवून पळायचे. काही जण हात जोडायचे, "काका, नका हो सांगू." मग तर त्यांना जास्तच चेव यायचा.

मला अकराव्या वर्षी कांजिण्या आल्या आणि त्या उतरल्यावर आईनं मला बदल म्हणून मावशीकडे ठेवलं. मावशीनं माझ्यासाठी एका कुत्र्याचा सिनेमा बाजूला काढून ठेवला होता. माझ्या हातून त्या कॅसेटचं वेष्टन फाटलं. काका दारातूनच म्हणाले, "कुत्रा मरतो. एवढंच." मी तो सिनेमा पाहिला, आणि कुत्रा पहिल्यांदा पडद्यावर आला तेव्हापासूनच रडत बसले. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही, आणि करायचा विचारही नाही.

मावशीला तर ही शिक्षा घरबसल्या होती. भाजीत मीठ कमी पडलं, इस्त्री नीट झाली नाही, माहेरचं कुणी जास्त वेळ बसलं, की शेवट. संध्याकाळी ती कामं आवरून टीव्हीसमोर बसली रे बसली की काका दुकानातून ओरडायचे. सिनेमाच्या दुकानदाराची बायको, पण शेवट माहीत नसताना एकही सिनेमा तिनं पाहिला नव्हता. निदान आम्ही तसं समजत होतो.

खुद्द काकांना मात्र एका सिनेमाचा शेवट ठाऊक नव्हता. बोटीवरच्या एका खलाशानं त्यांना परदेशी कॅसेटचा एक गठ्ठा विकला होता, त्यातला तो सिनेमा. बर्फात अडकलेली एक खाणावळ, मालकाची बायको अचानक नाहीशी झालेली, सगळ्यांचा एकमेकांवर संशय, आणि एक इन्स्पेक्टर तळघर खणतोय. काकांनी तो पाहायच्या आधीच माझ्या बाबांना दिला. गिऱ्हाइकाची वेळ चुकवायची नाही, हा त्यांचा बाणा होता. दुसऱ्या दिवशी बाबा कॅसेट परत घेऊन आले आणि म्हणाले, "हिच्यात शेवटची वीस मिनिटं नाहीतच. पडद्यावर नुसत्या मुंग्या आहेत."

काकांनी कॅसेट उलटी केली. कॅसेटच्या पाठीला एक छोटी पट्टी असते, ती मोडून टाकली की त्या कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. पण तिथल्या भोकावर चिकटपट्टी लावली की पुन्हा भरता येतं. तिथे चिकटपट्टी लावलेली होती. बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर. त्यांच्या खिशात रंगीत खडू आणि चिकटपट्टी कायमची असायची. झालं! काकांनी भर दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर, आपल्या सख्ख्या साडूला चोर ठरवलं. बाबांनी शपथा घेतल्या, हात जोडले. काका म्हणाले, "नियम म्हणजे नियम." दुकानाच्या दारावर पाटी लागली: 'ड्रॉइंग मास्तरांना कॅसेट मिळणार नाही.' ती पाटी सहा वर्षं होती. शाळेतली मुलं ती मोठ्यानं वाचत जायची. बाबा शाळेत जायला मागच्या रस्त्यानं फिरून जायला लागले, आणि पुढे मरेपर्यंत त्यांनी तो रस्ता बदलला नाही.

शेवट माहीत नाही हे काकांनी कुणाला कळू दिलं नाही. त्यांनी एक शेवट स्वतःच रचला. "तो आंधळा पियानोवाला आहे ना, त्यानं मारलंय तिला. एवढंच." तीच फुटकी कॅसेट ते लोकांना देत राहिले, शेवट आधीच सांगून. वर म्हणायचे, "कळलाय ना आता? मग मुंग्या दिसल्या तर बिघडलं कुठं?"

पुढे कॅसेट गेल्या, दुकान गेलं, गठ्ठे रद्दीवाल्याकडे गेले. काकांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. दुसरा झटका आला की संपलं, असं डॉक्टर म्हणाले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं अर्ध्या तोंडानंही ते मावशीवर डाफरायचेच. पण एक दिवस त्यांनी माझा हात धरला. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, दुपारी एक ते चार दुकान बंद, तेव्हा मी मावशीला हात द्यायला जायचे. काका जिभेला जमेल तसं म्हणाले, "पोरी, तो बर्फाचा सिनेमा. मिळतो का गं कुठं? मला त्याचा शेवट बघायचाय. जायच्या आधी."

मी फोनवर शोधला. दोन मिनिटांत सापडला, भाड्यानं. कुठे जायला नको, सही नको, रिवाइंड नको, काउंटरवर बसलेला राक्षस नको. बटण दाबलं की सिनेमा थेट खाटेसमोरच्या टीव्हीवर. घेतल्यावर महिनाभर नुसता ठेवून दिला तरी चालतो. मात्र एकदा सुरू केला की अठ्ठेचाळीस तास, मग तो आपोआप जातो.

काकांना हे फार आवडलं. "दोन दिवस देतात? मी एकच द्यायचो. आणि उशीर झाला तर?"

"काही नाही. सिनेमा जातो."

"कुणी बोलत नाही?"

"बोलायला कुणी नसतंच काका."

"शिस्तीचं दुकान आहे," काका म्हणाले.

पहिल्या वेळी दुपारच्या जेवणानंतर मावशीनं त्यांना गोळी दिली आणि मग रिमोट उचलला. त्या गोळीनं झोप येते. इन्स्पेक्टरनं तळघराचं दार उघडलं आणि काका घोरायला लागले. पुढचे दोन दिवस दुकानात दुपारचंही काम निघालं, मला जाता आलं नाही. मावशी म्हणाली, "मला बाई ते यंत्र येत नाही." मुदत संपली. मी गेले तेव्हा काकांच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "त्यांना फोन लाव. सांग, माणूस आजारी आहे. वीस मिनिटंच राहिलीत म्हणावं."

"कुणाला लावू?" मी विचारलं. "नियम म्हणजे नियम, काका." हे बोलताना मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

तरी मी पुन्हा भाड्यानं घेतला. शनिवारी दुपारी अडीचला सुरू केला. पुन्हा तेच, आधी गोळी, मग सिनेमा. मी मावशीला म्हटलं, "सकाळी लावत जा ना, तेव्हा ते जागे असतात." ती म्हणाली, "सकाळी मला कामं असतात." रविवारी काका हट्टानं जागे राहिले. गोळी तोंडात धरून ठेवली आणि मावशीची पाठ वळताच उशीवर थुंकली. इन्स्पेक्टर तळघरातून वर आला. त्याच्या हातात बाईचा एक बूट होता. तो बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं रिमोट घेऊन सिनेमा थांबवला. यंत्र न येणाऱ्या बाईचं बोट नेमकं बटणावर पडलं.

"गोळी थुंकलात ना? आधी ती घ्यायची."

"वीसच मिनिटं," काका म्हणाले. "अगं, हात जोडतो." एकच हात उचलला जायचा. तो त्यांनी उचलला.

मावशीनं दुसरी गोळी पाण्याबरोबर उतरवली आणि तोंड उघडायला लावून तपासलं. मग खुर्ची जवळ ओढली. "एवढी घाई असेल तर मीच सांगते शेवट. सांगू?"

काकांनी मान डोलावली. डोळे लहान मुलासारखे मोठे झाले होते.

"तो आंधळा पियानोवाला आहे ना," मावशी म्हणाली, "त्यानं मारलंय तिला. बरोबर ना? तुम्हीच तर सांगायचात सगळ्यांना."

काकांची पंचाईत झाली. हा शेवट खोटा, असं म्हणायचं तर खरा आपल्याला कधीच माहीत नव्हता हे कबूल करावं लागणार. आणि हिला हे ठाऊक आहे, हेही त्यांना त्याच क्षणी कळलं. करावं तसं भरावं, पण एवढं चोख भरलेलं मी दुसरं पाहिलं नाही. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. दहा मिनिटांत गोळीनं काम केलं.

मी स्वयंपाकघरात मावशीला विचारलं, "तुला खरा शेवट माहीत आहे?"

"मलाच माहीत आहे," ती म्हणाली. ती स्टुलावर बसून टाचेच्या भेगेवर चिकटपट्टी लावत होती. "तो गठ्ठा आला त्या दिवशी हे वसुलीला गेले होते. मी दुकानात बसून तो सिनेमा अथपासून इतिपर्यंत पाहिला. कुणी मध्ये ओरडलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला पुढचं ठाऊक नव्हतं बघ. पाहून झाल्यावर वाटलं, हे येतील, बघतील, आणि उद्यापासून हाही शेवट गावभर ओरडतील. मग मी तो पुसला. भोकावर ही पट्टी लावली आणि त्यावर मुंग्या भरल्या. तो माझा शेवट आहे. माझ्या मालकीचं या घरात तेवढंच."

मी तिच्या टाचेकडे बघत होते. चिकटपट्टी तीच होती.

"आणि माझे बाबा?"

मावशीनं पट्टीचं टोक दातांनी तोडलं. "ते काय गं, चार दिवस बोलणी खाल्ली. पुरुषमाणसाला काय होतंय?"

"चार दिवस? पाटी सहा वर्षं होती, मावशी. तू रोज त्या दारात केर काढत होतीस."

"मी बोलले असते तर ह्यांनी मला जिवंत ठेवलं असतं का?"

ते खरं होतं, आणि त्याचा मला काडीचा उपयोग नव्हता. बाबा मागच्या रस्त्यानं गेले आणि ही मूग गिळून बसली. मी चहा न घेता निघाले.

सोमवारी दुपारी एकला दुकानाचं शटर ओढलं, डबा खाल्ला आणि काचा घासायच्या यंत्राशेजारी बसून फोनवर ती वीस मिनिटं पाहिली. मग चालत मावशीकडे गेले. पोचले तेव्हा अडीच वाजायला दहा मिनिटं होती. वीस मिनिटं त्यात बसणार नव्हती. मला पुन्हा भाड्यानं घेता आला असता, ते काही अवघड नव्हतं. पण मला तो दाखवायचा नव्हता. सांगायचा होता.

काका जागे होते. टीव्हीवर इन्स्पेक्टर हातात बूट घेऊन कालपासून थांबला होता. मावशी चहा घेऊन दारात आली. मी काकांच्या उजव्या कानाशी वाकले तशी ती म्हणाली, "काय करतेस? नको गं. सांगू नकोस."

त्या घरात हे वाक्य मी शंभरदा ऐकलं होतं. काका कधी थांबले नव्हते. मीही थांबले नाही.

"तिला कुणीच मारलेलं नसतं," मी म्हटलं. "ती पहाटेच्या गाडीनं निघून गेलेली असते. दुसऱ्या गावात खिडकीशी एकटी बसून पावाला लोणी लावत असते. तिला कुणी शोधत नाही, आणि तिला त्याचं काही वाटत नाही."

मावशीच्या हातातला चहा बशीत सांडला. तिचा चेहरा मी बघितला. तिनं तीस वर्षं तो पाव, ती खिडकी आणि ती पहाटेची गाडी जिवापाड सांभाळून ठेवली होती, आणि ज्याच्यापासून लपवली त्याच्याच कानात मी ती ओतली. मला वाटलं होतं, बाबांसाठी केलं म्हणून बरं वाटेल. वाटलं नाही.

काकांनी शेवट तोंडात घोळवला, चावला. मग अर्ध्या तोंडानं म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.

"ह्यात काय आहे? पियानोवालाच बरा होता." त्यांनी डोळे मिटले. गोळी द्यायची गरजही पडली नाही.

टीव्हीवरचा इन्स्पेक्टर गेला आणि मुदत संपल्याची पाटी आली. पुन्हा भाड्यानं घ्यायचा का, असं त्या पाटीवर खाली विचारलं होतं. मी मावशीकडे बघितलं. ती बशीतला चहा परत कपात ओतत होती, हळूहळू, एक थेंबही बाहेर जाऊ न देता.

"नको घेऊस," ती म्हणाली. "आता त्यात बघण्यासारखं काही राहिलं नाही."